सोमाभाऊंची एफडी

मंगळवारी आलापल्लीजवळच्या एका गावात तेरवीला जेवून आलो. बुंदी होती, दोन भाज्या, वरणावर तूप... सगळं गाव पोटभर जेवलं.

मी तिथे बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. म्हातारपणासाठी महिन्याला थोडे बाजूला टाका, हे सांगून सांगून थकलो. लोक 'पाहू' म्हणतात आणि निघून जातात.

ऐकलं फक्त सोमाभाऊंनी. लाकूड डेपोत जन्मभर रोजंदारी केली, पेन्शनचा प्रश्नच नव्हता. पण दर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे आले की त्यातले काही एफडीत टाकायचे. प्रत्येक मेळाव्यात मी त्यांचंच उदाहरण द्यायचो... बघा, यांना म्हातारपण कळलं! तेही मान हलवायचे.

मग गुडघे गेले, काम सुटलं. सुनेने वाढलं तर जेवायचं, नाही तर नाही. दुपारी माझ्या केंद्रातल्या बाकावर येऊन बसायचे, अंगाची नुसती हाडं राहिली होती. एक दिवस मीच म्हटलं, भाऊ, एफडी मोडू या.

"नाई मोडत," ते म्हणाले. "ते तेरवीचे हायेत. जितेपणी कसं बी भागते. मेल्यावर गाव उपाशी गेलं तं पोराचं नाक कापलं जाईन."

मी तो विषय पुन्हा काढला नाही. पैसे त्यांचे, मर्जी त्यांची... आणि खरं सांगू का, मेळाव्यात सांगायला माझ्याकडे दुसरं उदाहरणही नव्हतं.

मंगळवारी त्यांच्याच तेरवीच्या पंगतीत मुलगा हात जोडून फिरत होता. शेजारचा म्हणाला, "पोरगा असावा तं असा. बापाचं सोनं केलं त्यानं." पैसे कोणाचे होते ते मला माहीत होतं, मुलालाही माहीत होतं.

काल सकाळी डेपोतले तिघे केंद्रात आले. म्हणाले, "आमाले बी सोमाभाऊवानी खातं काढून दे." इतक्या वर्षांच्या मेळाव्यांना जे जमलं नाही ते एका पंगतीने केलं. मी फॉर्म भरून दिले. माझं या महिन्याचं टार्गेट पूर्ण झालं.

कोणी अभिनंदन करू नका. सोमाभाऊ उपाशीपोटी बाकावर बसलेले असायचे, तेव्हा मी माझा डबा मागच्या खोलीत नेऊन, दार लावून खायचो.