चाळीस मिनिटांचा धोका

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या ऑफिसात त्याला सगळे टाइमटेबल म्हणत. कुठलीही दोन शहरं सांगा, अंतर किती आणि विमानाला वेळ किती, हा पठ्ठ्या संगणकाकडे न बघता सांगायचा. त्याची आई ताईकडे राहायची. ते शहर चौदाशे किलोमीटरवर, थेट विमानाने दोन तास दहा मिनिटं. हे त्याने आईला इतक्यांदा ऐकवलं होतं की ती म्हणायची, "अरे, एवढं जवळ आहे तर ये की एकदा."

"येतो गं. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

त्या दोन तासांच्या प्रश्नात चार वर्षं गेली. लांब जायचं असलं की माणूस कंबर कसून निघतो, जवळ आहे म्हटलं की बूड हलत नाही. आपल्या सगळ्यांचंच हे असं आहे, त्याला एकट्याला काय नावं ठेवायची?

एके दिवशी सकाळी आठला ताईचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, आजचाच दिवस. आई सारखी तुलाच विचारतेय. मिळेल त्या विमानाने ये."

दोन विमानं होती. अकराचं, पण मध्ये एके ठिकाणी उतरून दुसरं पकडायचं. ते तीनला पोचवत होतं. आणि चारचं थेट, ते सहा वाजून दहाला. अकराच्या वाटेवर विमान बदलायला चाळीसच मिनिटं होती. फार पूर्वी अशाच तिकिटावर त्याच्या एका गिऱ्हाइकाचं पुढचं विमान चुकलं होतं आणि बिचारा स्वतःच्या लेकीच्या लग्नाला पोचला नव्हता. तेव्हापासून तासाभरापेक्षा कमी वेळ असेल तर टाइमटेबल ते तिकीट कुणाला काढून देत नसे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अहो, घ्या अकराचं. आज कसले नियम बघता?"

"चुकलं तर उद्याच पोचेन. थेटच बरं." त्याने चारचं काढलं आणि ताईला कळवलं.

माणूस वाईट नव्हता हो. आईपाशी नक्की पोचायचं होतं, म्हणूनच तर त्याने ते केलं. पण त्याचा राग येतो, काय करणार.

आई पावणेपाचला गेली. तेव्हा तो ढगांच्या वर होता आणि खालून कुणाचाच फोन त्याला लागत नव्हता. सात वाजता तो घरात शिरला तेव्हा आईवर गळ्यापर्यंत पांढरी चादर होती. तो पायाशी बसला. पाय अजून पूर्ण गार झाले नव्हते.

ताई शेजारी येऊन बसली. "दुपारभर दाराकडे बघत होती. म्हणाली, लवकरचं विमान नसेल का गं? मी म्हटलं, असतं तर त्याने सोडलं असतं का, त्याचं कामच ते. तेव्हा कुठे तिला पटलं. म्हणाली, हो, माझा लेक वेळ दवडणार नाही." ताईने डोळे पुसले. "नव्हतंच ना रे?"

नव्हतं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"होतं, ताई. अकराचं. जागासुद्धा होत्या. तीनला पोचलो असतो."

मग तो लहान पोरासारखा रडला. ताईला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण हात काही उचलवेना.