सोडलेलं पाणी

आमच्या रोह्याच्या आळीत नळाला पाणी सोडणारे काका कुणाला नमस्कार करत नाहीत. ‘आलं काय?’ विचारतात. लग्नात नवरदेवालाही तेच. आणि पाइप दिसला की त्याला कान लावतात.

ओव्हरक्लॉक करून, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त वेगाने पळवून पळवून, मी कॉम्प्युटर तव्यासारखा तापवला होता. आता तो थंड करायला त्याच्या पोटातून पाइपने तेच तेच पाणी गोल फिरवायचं ठरवल्यावर काका माझ्यापेक्षा उतावीळ झाले.

“रविवारी कॉम्प्युटरवर पाणी सोडतोय,” मी ऐटीत म्हणालो.

“म्हणजे गेलाच म्हण की.”

माझ्या पहिल्या आराखड्यात पाइप सरळ पंख्यात घुसत होता. काकांना तो फार आवडला. “पाण्याला वारा पायजेच.”

रविवारी काका लादीवर आडवे, कान पाइपला. कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावर थेंब पडला तर खेळ खलास, म्हणून मी पंप सुरू करून डोळे मिटले.

“आलं काय?” या वेळी मीच विचारलं.

“आलं. गेलं.” माझा जीवही गेला. “अरे, परत आलं.”

एकही थेंब गळला नव्हता. काका मात्र उठेनात.

“एवढी वर्षं पाणी सोडतोय, सोडलेलं परत आलेलं पयल्यांदा बघतोय. बंद नको करू.”