तारप्याच्या रांगेतला लहानू

चळवळ म्हटली की लोकांना भाषणं आठवतात. मला आठवतात त्या फजित्या! बोईसर स्टेशनबाहेर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कारखाने यायच्या आधीचे दिवस. आमची समिती तिथेच, पंक्चर तपासायच्या घमेल्याभोवती भरायची. चार माणसं जमली की एक किस्सा होणारच. सगळेच काही हसण्यासारखे नव्हते.

समिती होती वेठ बंद करायला. डोंगराकडच्या पाड्यांवर जमीनदार शेठची भातलावणी आधी, तीही फुकट, आणि उरलेल्या पावसात स्वतःची. त्या वर्षी उमरोळीकडच्या एका पाड्यावरच्या लहानूने तोंडावर सांगितलं, "आदी माजी लावणी, मंग शेठची." दिवाळी झाली आणि शेठने त्याच्यावर गवताच्या गासड्या चोरल्याची फिर्याद ठोकली. लहानू पालघरच्या कोठडीत गेला. त्याला शिक्षा झाली असती, तर पुढच्या पावसाळ्यात 'नाही' म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

*

आमचे अध्यक्ष मास्तर, म्हणजे निवृत्त शिक्षक. बाजाराच्या दिवशी ते खुर्चीवर चढले आणि त्यांनी मूलभूत हक्क सुरू केले. लोक येत, मास्तरांना नमस्कार करत आणि मिरच्या घ्यायला पुढे जात.

समोर पालघरजवळच्या माहीमची हिराबाई सुकट विकत होती. तीही समितीतलीच. तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि शेठच्या गड्याला म्हणाली, "लहानू घरी येईस्तवर तुज्या शेठला मासली नाय."

शेजारच्या कोळणींनीही एकेक करून फडकी टाकली. गडी रिकामी पिशवी घेऊन परतला. मास्तर खुर्चीवरून उतरले आणि आपला मुद्दा नेमका हाच होता, असं आम्हाला सांगू लागले.

*

मग जमावबंदी आली. मास्तरांनी पत्रकं छापली आणि हिराबाईच्या टोपलीत दिली. वाटेत शिपायाने टोपली उपसली, तर प्रत्येक पत्रकात बोंबील बांधलेले! त्याने नाक धरून तिला सोडलं.

मास्तर दुखावले. एवढा मजकूर लिहिला, तो वाचला कुणी?

"पाड्यावर वाचतो कोण, मास्तर?" हिराबाई म्हणाली. "मी दारादारात बसून सांगून आले. कोडताच्या तारखेला समदे येतात."

*

वकील फुकट लढायला तयार झाले आणि साक्षीदार मागू लागले. आम्ही खूश, कारण चोरीच्या रात्री पाड्यावर तारपा होता. एकजण मधे उभा राहून ते भोपळ्याचं लांब वाद्य वाजवतो आणि बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून रांगेने त्याच्याभोवती नाचतात. लहानू उजाडेपर्यंत त्या रांगेत होता. साक्षीला अख्खा पाडा!

वकिलांनी विचारलं, लहानूला पाहिलंत का? सगळे नाही म्हणाले. नाचताना नजर तारपा वाजवणाऱ्यावर असते. ज्या दोघांच्या कमरेला आपला हात होता, त्यांच्यापुरतंच सांगू, त्यापुढे खोटं बोलणार नाही, असं प्रत्येकाचं म्हणणं. मी कपाळावर हात मारला.

लहानूच्या एका बाजूला होता त्याचा काका जान्या, म्हणजे घरचाच माणूस, त्याच्या एकट्याच्या साक्षीला वजन नाही. दुसऱ्या बाजूला सोमी. ती शेठच्या गोठ्यात कामाला, झोपडीही शेठच्याच जागेत. तिने आमच्यासमोर दारच लावून घेतलं. ती भित्री आहे म्हणून मी बडबडत होतो, तेव्हा हिराबाईने मला थांबवलं.

"तिची झोपडी मोडली तं तुज्या दुकानात घेशील तिला?"



*

तारखेला पाडा चालत पालघरला आला. सोमीही आली, पण शेठच्या जीपमधून. लहानू नाचात नव्हताच, असं तिच्याकडून वदवून घ्यायचं शेठने ठरवलं होतं. 

साक्षीला उभ्या राहिलेल्या जान्याला रांग कशी असते ते तोंडाने सांगता येईना. तो म्हणाला, दाखवतो. मॅजिस्ट्रेट वैतागून बाहेर ओट्यावर आले. त्या रात्री जो जिथे होता तिथे, कमरेला हात घालून, पाडा आवारात उभा राहिला. जान्याच्या पुढे मात्र जागा मोकळी होती.

"इथे कोण होतं?"

"दोगं व्हते साहेब. मी लहानूला धरलेलं," जान्या म्हणाला. "आन् मी सोमीला," मोकळ्या जागेपलीकडची बाई म्हणाली.

सगळ्यांनी जीपकडे पाहिलं. शेठ सोमीच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती आवार ओलांडून आली. रांगेत आपल्या जागी उभी राहिली. एक हात पुढच्या बाईच्या कमरेला घातला. दुसरा जान्याच्या बाजूला, माणसाला धरावं तसा, नुसत्या हवेत वाकवून धरला. जान्याचाही हात तसाच होता.

मॅजिस्ट्रेट ओट्यावरून उतरून त्या दोन हातांमधल्या एका माणसाच्या जागेपाशी आले. मग शिपायाला म्हणाले, "त्याला आणा इथे. हातकडी काढून."