झालरकाकांची होडी कोणी फोडली

ज्यांच्यावर अन्याय झाला ते झालरकाका, पंचवटीतले मंडपवाले. अन्याय झाला तो गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या जरा आधी. काका तेव्हा शिडीच्या टोकावर होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत दोर होता. करणाऱ्यांनी मुद्दाम ही वेळ निवडली, असं मी म्हणत नाही. निवडण्याइतकीसुद्धा किंमत त्यांनी काकांना दिली नव्हती. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे काकांच्या गमती वाचून तुम्हाला हसू येणार आहे. खुशाल हसा. राग तेवढा सोडू नका.

काकांना कुठलीही उघडी कड बघवत नसे. टेबल दिसलं की झालर, स्टेजला झालर, पाण्याच्या टाकीला झालर, एकदा तर जनरेटरला. नाव पडलं ते त्यावरूनच. आमच्या संघटनेच्या उपोषणांना मंडप त्यांचाच असे. पहिल्या उपोषणाला मी पोचले तेव्हा वर सोनेरी झालर लटकत होती. मी म्हणाले, "काका, हे लग्न नाही, आंदोलन आहे." काका खाली उतरले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "अगं, लग्नातबी माणसं रुसून बसतात, तशी तुम्ही बसलेत. झालर काढली तर येणाऱ्याजाणाऱ्याला वाटंल, कुणीतरी गेलं." झालर राहिली. पत्रकात आम्ही लिहिलं होतं 'तीव्र आंदोलन'. फोटोत मात्र आम्ही साखरपुड्याला बसल्यासारखे दिसतो.

मंडपवाल्याचा खरा वैरी वारा. पाऊस उन्हाळ्यात क्वचित येतो, वारा रोज येतो. चाळीसेक वर्षं काकांनी वाऱ्याला शिव्या घातल्या. कापड धरून ठेवायचं, बांबू आवळायचे, चारी बाजूंनी ताण द्यायचा, आणि तरीही वारा एक कोपरा उचलून नवरदेवाच्या मामाच्या डोक्यावर आणून टाकायचाच. मग एका उन्हाळ्यात शहराबाहेरच्या धरणाच्या काठी कसल्यातरी स्पर्धेच्या उद्घाटनाचा मंडप काकांनी घातला. पाहुण्यांची भाषणं चालली होती आणि काका पाण्याकडे बघत होते. छोट्या शिडाच्या होड्या. एकेका माणसाच्या. "मी म्हटलं, आयला, आपण ह्या वाऱ्याला जन्मभर हाकलला आणि हे लोक त्याला बैलावानी जुंपून राह्यले!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मलाच ती भाषणं आठवतात, तिथे नसूनही.

स्पर्धा संपली, मंडळी गेली. तळाला चीर पडलेली एक फायबरची होडी कुणी नेईना, ती काकांनी मागून घेतली. चीर बुजवली, निळा रंग दिला. शीड शिवलं घरीच, कनातीच्या कापडाचं. त्याला झालर लावली होती, हे सांगायला नकोच. नाव घालायला अक्षरांचा एकच साचा हाताशी होता, म्हणून होडीच्या मागच्या अंगावर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'सुस्वागतम्'.

पहिल्या दिवशी काकांनी जी चूक केली ती मंडपवालाच करू जाणे. त्यांनी होडीवर मंडप घातला. शिडाचा खालचा दांडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि चारी टोकांना करकचून निरगाठी मारल्या. शीड हलायला जागाच नाही. काठावर मासे धरणारे लोक ओरडले, "काका, वऱ्हाड कुठलं?" वारा आला, शीड फुगलं, आणि मंडप, मंडपवाला, सुस्वागतम् सगळं मिळून पाण्यात आडवं झालं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून बरं. भिजलेले काका उठून उभे राहिले आणि पहिली गोष्ट कुठली केली, तर निरगाठी सोडवत बसले. सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या.

त्या दिवसापासून शिडाच्या दोराला फक्त सुरगाठ, एका ओढीसरशी सुटणारी. मंडपाला निरगाठ, होडीला सुरगाठ. कामाची पोरं गाठी मारताना चुकली की काका विचारायचे, "कुठं हायेस तू? लग्नात का पाण्यात?" पुढे पुढे हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारू लागले. मी एकदा मोर्च्याच्या परवानगीवरून फोनवर कुणाशी तरी कचाकचा भांडत होते. काकांनी शांतपणे विचारलं, "पोरी, कुठली गाठ मारलीस? सुटंल अशी मारलीस ना?" नव्हती मारली. मला अजूनही येत नाही.

आता अडचण ऐका. थंडीत धरणात पाणी भरपूर, पण वारा झोपलेला. पावसाळ्यात वारा पिसाळलेला. राहता राहिला उन्हाळा, आणि उन्हाळा म्हणजे लग्नसराई. वर पाणी रोज मागे सरकणार, गाळ वाढणार, म्हणजे होडी आणखी लांब ओढायची. लग्नं वाढत चाललीत आणि पाणी आटत चाललंय, ह्या दोहोंच्या मधे जी फट उरेल तेवढी काकांची. ती फट असायची अक्षता पडल्यानंतरची. दुपारच्या मुहूर्ताला अक्षता पडल्या, पंगती बसल्या, की मंडप सोडायला घेईपर्यंत मंडपवाल्याला कुणी विचारत नाही. तेवढ्या वेळात काका आपला छोटा हत्ती टेम्पो काढायचे, कनातींच्या गठ्ठ्यांत गुंडाळलेलं शीड घेऊन धरण गाठायचे. जेवलेल्या वऱ्हाडाने हात धुवेपर्यंत काका पाण्यावर.

म्हणूनच त्यांचा गोरज मुहूर्तावर भयंकर दात होता. लग्न संध्याकाळी लागलं की दुपार सजावटीत गेली आणि वारा फुकट गेला. मग ते वधूपित्याला घाबरवायचे. "गोरज कशाला साहेब? डास चावतात. लाइट जाते. नवरीचा मेकअप तोवर टिकत नाय." एका लग्नात तर भटजींनाच फितवलं. मला म्हणायचे, "तुमचं कसं, हे हटाव, ते हटाव. तसं माझं गोरज हटाव. पत्रक छाप."

काकू मात्र ह्या प्रकाराला एकच शब्द वापरायच्या, "सवत." "सवतीकडं गेलेत," असं त्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगायच्या आणि गिऱ्हाईक घाईघाईने फोन ठेवून द्यायचं. चिडायच्या, पण काकांच्या जाड पितळी डब्यात दोन माणसांचं जेवण भरायच्या. एक काकांचं. दुसरं कुणाचं, हे विचारलं तर म्हणायच्या, "बुडाला तर वर काढणाऱ्याला नको का काही?"

मी एकदा बसले त्या होडीत. निघण्याआधी काकांनी आपला फोन रिकाम्या डब्यात घातला, झाकण लावलं आणि डबा काठावर बाभळीखाली ठेवला. डबा लगेच घणघणायला लागला. मी म्हणाले, "काका, कुणाचं तरी अर्जंट असेल." "असंल. आमटी उकळतीये असं समज." आम्ही पाण्यावर गेलो. वारा पश्चिमेकडून आला आणि काकांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. ह्या माणसाचे खांदे जन्मभर कशाला तरी ताण देत होते. ते खाली आले. दोर दोन बोटांत, सैल. पार पलीकडच्या टेकडीपाशी पोचलो. मग एवढंच म्हणाले, "इथं मला काय धरून ठेवावं लागत नाय."

त्या एका दुपारसाठी हा माणूस लग्नसराईचे तीन महिने ओढायचा. ती दुपार काढून घेतली. कोणी, ते आता सांगते.

काठावर रिसॉर्ट झालं. आधी फलक, मग कुंपण, मग कुंपणाच्या खाली उतरणारा काठही 'आमचा व्ह्यू' झाला. काठ सगळ्यांचा. तिथे म्हशी येत, मासे धरणारे येत, सुट्टीच्या दिवशी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार पोराबाळांना घेऊन भेळ खायला येत. काकांची होडी कुंपणाच्या बाहेर, बाभळीच्या बुंध्याला बांधलेली असे. आणि मंडपाची कामं? रिसॉर्टने तीही काकांनाच दिली, कारण वाऱ्यात टिकणारा मंडप नाशकात दुसरा कुणी घालत नाही.

आखाजीला पंचांग बघावं लागत नाही, म्हणून सगळं शहर त्याच दिवशी लग्न करतं. काका रिसॉर्टच्या हिरवळीवर मंडपाच्या शेवटच्या गाठी मारत होते. खाली मुलीकडच्या बाया फुलं लावत होत्या. ड्रोनवाला मॅनेजरला काहीतरी दाखवत होता. मॅनेजर म्हणाला, "ते निळं भंगार फ्रेममधे येतंय. काढा ते." काठ सपाट करायला आणलेला जेसीबी तिथे उभाच होता.

काकांनी हे वरून पाहिलं. ओरडले. ढोलताशात कोण ऐकतो? शिडी सोडून धावायचं तर हातातला दोर सुटणार, आणि मधला मोठा बांबू फुलं लावणाऱ्या बायांवर जाणार. काकांनी दोर सोडला नाही. जेसीबीचं बकेट खाली आलं, होडीचे दोन तुकडे झाले, आणि काका वर निरगाठ मारत राहिले. गाठ पक्की झाली तेव्हा उतरले. तुकड्यांपाशी जाऊन उभे राहिले. मागून मॅनेजर आला. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. आणि हो, केकच्या टेबलाला झालर कमी पडतेय, तेवढी बघा."

काकांनी जाऊन झालर लावली.

काकूंचा फोन आल्यावर मी पोचले तेव्हा पंगती चालू होत्या. काका आचाऱ्यांच्या तंबूमागे उलट्या पातेल्यावर बसले होते. वारा नेमका तेव्हाच सुटला. मंडपाचं कापड फडफडू लागलं, आणि मला जे सुचलं ते मी बोलून टाकलं. "काका, सोडा एक दोर. एकच कोपरा. रिसॉर्टचे साहेब, मॅनेजर सगळे आत बसलेत. पडू दे त्यांच्या ताटात." मी हे मनापासून म्हणाले, आणि आजही त्या मॅनेजरच्या बासुंदीत तो बांबू पडायला हवा होता असंच मला वाटतं.

काका ताडकन उठले. "आत पोरीचं लग्न हाय. तिनं काय माझी होडी फोडली का?" मग पुन्हा बसले. बराच वेळ मंडपाकडे बघत राहिले, कुठे ढिला पडतोय का ते बघत. शेवटी म्हणाले, "मी धंदेवाला. ह्यांच्याकडं उद्या परत यावं लागतं. माझं तोंड शिवलेलं हाय. तुझं नाय ना? मग बोल. फक्त माझं नाव नको घालू. मी काय उमेदवार हाय?"

म्हणून खरं नाव नाही. बाकी सगळं लिहिते आहे.

काका आता गोरज मुहूर्त घेतात. कुणी विचारायच्या आत स्वतःच सुचवतात, "संध्याकाळचं ठेवा, ऊन नसतं." काकू डबा एकाचाच भरतात. मी काकूंना म्हणाले, सवत गेली, सुटलात. काकू म्हणाल्या, "ती होती तोवर हा माणूस घरी हसत यायचा गं." दुसरी होडी आणू, वर्गणी काढू, असं आम्ही पोरांनी सुचवलं तर काकांनी हात झटकला. "बांधू कुठं? काठ कुठं राह्यला?"

आम्ही रिसॉर्टला जाब विचारला. मॅनेजर खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणे, होडी नव्हतीच. तिथे फक्त प्लास्टिकचा कचरा होता, तो आम्ही साफ केला, उलट आमचे आभार माना. ऑफिसांमधून फिरलो. तिथेही तोच सूर, होडी होती कशावरून? ज्या माणसाने ह्या शहराच्या हजारो लग्नांवर सावली धरली, त्याच्याकडे स्वतःच्या आनंदाचा एक पुरावा नाही. स्वतःचा फोटो काढून घ्यायला तो कधी रिकामा नव्हता.

पण तुम्ही होतात. त्या काठावर लग्नाआधीचं शूटिंग करायला निम्मं नाशिक गेलेलं आहे. हातात हात घालून पाण्याकडे बघत उभे राहिलात तेव्हा तुमच्या मागे ती निळी होडी होती. काहीजणांनी तर तिच्यात बसून फोटो काढून घेतलेत, आणि काकांनी तुम्हाला हुसकलं नाही, फक्त दोराला हात लावू नका म्हणाले. तो मॅनेजर म्हणतो ती नव्हती. म्हणजे तुमच्या फोटोत जे आहे ते खोटं आहे.

तेव्हा हे वाचून हळहळू नका. उठा. अल्बम काढा, फोन काढा, व्हिडिओ काढा, आणि तुमच्या खांद्यामागे बघा. होडी सापडली की त्या फोटोची मोठी प्रत काढा, नवराबायको दोघं मिळून रिसॉर्टच्या काउंटरवर जा, बुकिंगला आलेली पाहुणेमंडळी समोर बसलेली असताना जा, फोटो टेबलावर आपटा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मॅनेजरला विचारा, "हे काय आहे?" तो उत्तर देईपर्यंत तिथून हलू नका.