पोस्टकार्डवाल्या काकांनी घातलेली बंदी

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. ठेवलात? हां. नाहीतर ऐकताना ठसका लागायचा आणि आमची सुनीता मलाच बोलायची. माझी फजिती तशी पुष्कळदा झाली आहे, पण ही झाली ती भर सभेत, माइकवरून!

दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. बँकेनं मला मिरजेहून उचलून थेट जयपूरला टाकलं होतं. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट. घरात मी, बायको सुनीता आणि दहावीतली लेक ऋता. शिवाय मी तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी! आता परमुलखातल्या मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला इथं बसून नाही कळायचं. बँकेत शिपाईसुद्धा मला विचारत नव्हता. पण मंडळात? पाटणकरकाका म्हणतील ती पूर्व!

माझं हुकमी हत्यार म्हणजे पोस्टकार्ड. कार्यक्रम ठरला की दीडशे पोस्टकार्डं मी स्वतः बसून लिहायचो. अक्षर म्हणाल तर मोत्यासारखं. आणि दरवेळी हॉल भरायचा! सीतापुऱ्याच्या कंपन्यांतली तरणी पोरंसुद्धा मोटारसायकली काढून यायची.

"बघितलंस? पोस्टकार्डाची ताकद!" मी ऋताला म्हणायचो.

"हं," ती म्हणायची.

त्या 'हं'कडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

त्याच सुमारास पोरांना एका साइटचं वेड लागलं. दोस्तीची साइट म्हणे. तिथं फोटो लावायचा, मित्र जमवायचे आणि दिवसभर एकमेकांना चिठ्ठ्या लिहायच्या. आमची ऋता ज्या मैत्रिणीशी शाळेत सहा तास बोलली, तिलाच घरी येऊन चिठ्ठी! पहिल्या चाचणीत तिचं गणित घसरलं आणि माझं टाळकंच सटकलं.

गणपतीत आरती झाल्यावर मंडळातली तेरा ते सतरा वर्षांची झाडून सगळी पोरं मी ओळीत उभी केली. हातात अक्षता दिल्या आणि बाप्पासमोर शपथ घ्यायला लावली, "बोर्डाची परीक्षा होईपर्यंत आम्ही त्या साइटचं तोंड बघणार नाही!" आईबापांनी काय टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू! एका वहिनींच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ऋता तेवढी म्हणाली, "बाबा, मतलब एकदम बंद? मंडळाचं काम असलं तरी?"

"मंडळाचा आणि त्या खुळाचा काय संबंध?"

"ठीक आहे," म्हणाली. शहाण्यासारखी अक्षता टाकून मोकळी झाली.

जानेवारीत माझे भोसेकर सर यायचे ठरले. मिरजेच्या शाळेत मला शिकवलेले. वय शहात्तर, पण गोष्ट सांगायला लागले की माणूस हलायचा नाही. मी फोनवर फुशारकीनं म्हटलं, "सर, आमच्याकडे कथाकथन करा. दोनशे माणूस येतं!"

सर म्हणाले, "अरे, इथं आता वीस माणसं जमत नाहीत रे. दोनशे म्हणतोस? मग येतोच."

आले बिचारे. दोन दिवस गाडीत काढून, गळ्याला मफलर गुंडाळून, ठेवणीतला कोट घालून आले. मी नेहमीपेक्षा पन्नास पोस्टकार्डं जास्तच टाकली होती.

कार्यक्रम चारचा. सव्वाचारला हॉलमध्ये किती माणसं? सर, मी, सुनीता, ऋता, वरच्या मजल्यावरचे जोगळेकर आजोबा आणि हॉलचा चौकीदार. त्या चौकीदाराला मराठी येत नव्हतं!

"रहदारी असेल," सर म्हणाले आणि पहिल्या रांगेत आपल्या टिपणांची पानं सारखी करत बसले. मला बोलले असते, रागावले असते तर परवडलं असतं हो!

मी ऋताला कोपऱ्यात घेतलं. "कुठं गेली सगळी?"

"बाबा, त्यांना माहीतच नाहीये."

"माहीत नाही? दोनशे पोस्टकार्डं!"

"कंपनीतले दादालोक दर सहा महिन्यांनी रूम बदलतात. तुमची कार्डं जुन्या घरमालकाकडे पडतात. आणि बाकीच्यांना तुमचं अक्षर वाचताच येत नाही. दरवेळी मीच साइटवर आपल्या मंडळाच्या ग्रुपमध्ये लिहायची, मग सगळे यायचे."

"अगं मग ह्यावेळी का नाही लिहिलंस?"

"बाप्पाची शपथ आहे ना."

आता बोला!

"मग आत्ता लिही!"

"शपथ मोडू?" तिनं असे काही डोळे मोठे केले, की मीच खाली बघितलं. "पण तुम्ही कुठं घेतलीय शपथ?"

हॉलशेजारीच सायबर कॅफे होता. मी आत पळालो. ऋता दारातच उभी राहिली, स्क्रीनकडे पाठ करून. "मी बघत नाहीये हां, नुसतं सांगतेय!" म्हणे. तिनं रस्त्याकडे तोंड करून ओरडायचं आणि मी एका बोटानं टायपायचं. सगळा कॅफे माझ्याकडे बघायला लागला.

"जन्मतारीख टाका!"

"टाकली!"

"आता 'आवड' मध्ये काहीतरी लिहा!"

"आवड कसली? इथं माझा जीव चाललाय!"

मालक म्हणाला, "अंकलजी, लडकी ढूंढ रहे हो क्या?" भर रस्त्यात माझी लेक फिदीफिदी हसतेय!

शेवटी संदेश लिहिला. बटण दाबलं, काही हलेना. पुन्हा दाबलं. पुन्हा. रागानं दाबतच सुटलो. मालकानं माझा हात धरला तेव्हा कळलं, की तोच संदेश ग्रुपमध्ये एकतीस वेळा गेला होता.

पण काय सांगू तुम्हाला! अर्ध्या तासात पहिली मोटारसायकल आली. मग दुसरी. मग रिक्षा, स्कूटर, मुरलीपुऱ्याहून अख्खी कुटुंबं! साडेपाचला बसायला खुर्ची उरली नाही. मी सरांना अभिमानानं म्हटलं, "सर, बघा, तुमच्यासाठी!"

तेवढ्यात सीतापुऱ्याचा एक पोरगा धापा टाकत आला. "काका, खरंच तुम्हीच लिहिलं ते? आमची पैज लागली होती. बंदीवाले काका आणि साइटवर? शक्यच नाही! म्हणून बघायला आलो सगळे."

सरांनी ऐकलं. ऋताला जवळ बोलावून सगळी हकिकत काढून घेतली आणि माइकसमोर उभे राहिले. चेहरा असा खुलला होता, की माझंच मन भरून आलं. म्हटलं, कसे का असेनात, सरांना दोनशे श्रोते मिळाले! आता होऊ दे झकास कथा.

"मी ठरवून आलेली गोष्ट आज राहू दे," सर म्हणाले. "दुसरी सांगतो. आठवीत माझा एक विद्यार्थी होता, पाटणकर नावाचा."

मी सुनीताकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"त्याला रहस्यकथांचं वेड. मी वर्गात बंदी घातली, सगळ्यांकडून शपथ घेतली. दुसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा घालून वाचायला लागला. वर्षभर! मला वाटायचं, काय पोरगं आहे, भूगोलातून मान वर काढत नाही!"

हॉल नुसता खदखदत होता. आणि भर सभेत आमची ऋता उठून उभी राहिली.

"सर, मग बाबांना भूगोलात किती मार्क पडले?"

"पस्तीस," सर म्हणाले. "त्यातले अकरा मी पदरचे घातलेले."