मेन स्विचपुढे आई

आज आमच्या पेणच्या घरातला गिझर काढायला प्लंबर आलाय. त्यानं खालचा पाइप सोडवला आणि कोमट, गंजलेल्या पाण्याचा वास घरभर पसरला. असाच वास खूप वर्षांपूर्वी, पहिला गिझर बाबांनी स्वतः उतरवला तेव्हा आला होता.

बाबा डोलवीला कंपनीत फिटर. तिथं काम करताना कुणी चुकून वीज चालू करू नये म्हणून स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, ही त्यांची सवय. घरी तसलं कुलूप कुठलं? मग त्यांनी मेन स्विच पाडून आईलाच पुढ्यात उभं केलं. "मी सांगेपर्यंत हलू नको गो."

मी शाळेतून आले तेव्हा बाबा पाण्याचा कॉक बंद करून गिझरच्या टाकीतलं पाणी बादलीत सोडत होते आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता.

"आई, आमटी जळतेय!"

"गॅस तू बंद कर. मी नाय हलायची."

मला तेव्हा तिचं हसूच आलं. दुपारी ती करपलेली आमटी बाबांनी दोनदा वाढून घेतली.

बाबा आता नाहीत. आज पाइप सोडवण्याआधी प्लंबरनं मेन स्विच पाडला, तशी आई गुडघे धरत उठली आणि स्विचपुढे जाऊन उभी राहिली.

"काकी, बसा की. बंद केलाय मी."

"तुझं चालू दे," आई म्हणाली. "तुझी बायको नाय ना इथं. म्हणून मी उभी हाय."