सबनीस काकांची शीप स्ट्रीट

सबनीस काकांच्या त्या इंग्लंडमधल्या गावातली शीप स्ट्रीट म्हणजे जहाजांची गल्ली, असं मी दोह्यात, अल सद्दमधल्या आमच्या शुक्रवारच्या चहाला चार कुटुंबांसमोर छातीठोकपणे सांगितलं. गावाला पूर्वी बंदर असणार, खलाशी तिथल्या जुन्या इनमध्ये मुक्कामाला उतरत असणार, असंही वर जोडलं. माझी मुलगी सई म्हणाली, "बाबा, शीप. मेंढी. अँड देअर इज नो सी." सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे सबनीस काका. "विचारून बघू की," एवढंच म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर इंग्लंडला फोन करून विचारलं. पुढच्या शुक्रवारी सांगितलं, "समुद्र फार लांब आहे. पण यांनी शंका काढली म्हणून कळलं, मेंढ्यांचा बाजार त्या गल्लीत भरतच नव्हता. मेंढ्या नुसत्या तिथून जायच्या." अशा सज्जन माणसाचा मनापासून हेवा करणं किती कष्टाचं असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

काका मूळचे नाशिकचे, इथे एका कंपनीत ड्राफ्ट्समन. तरुणपणी ट्रेनिंगसाठी इंग्लंडमधल्या एका लहान गावात गेले, तेव्हा तिथल्या जुन्या इनमध्ये उतरले होते. "इन म्हणजे आपली धर्मशाळाच हो. फक्त धर्म वजा, बिअर जमा." तेव्हापासून दोह्यात बसून ते त्या इनचा आणि भोवतीच्या गल्ल्यांचा इतिहास शोधत होते. जुने नकाशे पाहायचे, गावातल्या एका निवृत्त पोस्टमनला फोन करायचे.

चहाच्या टेबलावर ते बिस्किटांचे रस्ते मांडत. दोन कप म्हणजे इनची कमान. "या कमानीचा डावाच दगड झिजलाय, उजवा कोरा. म्हणजे घोडागाड्या एकाच बाजूनं वळायच्या. मग हमरस्ता कुठून येत असेल, सांग बरं?" सई एक बिस्कीट उचलून दुसरीकडे ठेवायची. काका म्हणायचे, "शाब्बास. आता तो रस्ता खाऊन टाक, तो बंद झाला."

काका येण्यापूर्वी हे टेबल माझं होतं. आजोबांचा रेडा शाळेत शिरला ती गोष्ट मी दर दोन-तीन महिन्यांनी सांगत असे आणि लोक, निदान सौजन्य म्हणून, हसत. सई रेड्याला "ओके, बाबा" म्हणते. इंग्लंडमधल्या झिजलेल्या दगडासाठी मात्र तिला मराठीत प्रश्न पडत: "मग तो रस्ता बंद का केला, काका?" पोटच्या मुलीचं मराठी आपल्याला ऐकायला मिळावं, तेही दुसऱ्याच्या गोष्टीपायी! चहा मला कडू लागायचा. मंजिरी, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "साखर तेवढीच आहे."

यंदा काकांची नोकरी संपली. त्यांना एअरपोर्टला सोडायला मीच पुढे झालो. त्यात सेवाभाव नव्हता. माणूस खरंच जातोय याची खात्री करून घ्यायची होती. मंजिरी आणि सई मागे बसल्या. वाटेत काका म्हणाले, "सईला पुढचं तुम्ही सांगत जा. मला दगड दिसतात, गल्ल्या दिसतात. त्या कमानीतून आत येणारी माणसं मला कधी दिसली नाहीत. ती तुम्हाला जमतील." मी "इन्शाल्ला" म्हणालो. या शब्दात नाही म्हणण्याची चांगली सोय असते.

परत येताना सई खिडकीला नाक लावून बसली होती. मला राहवेना. मी म्हटलं, "एकदा काय झालं, शीप स्ट्रीटवरून एक घोडागाडी आली. घोडे दमलेले. इनची मालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, आत्ता येण्याची वेळ झाली होय? बांधा ते घोडे त्या फणसाखाली, आणि हातपाय धुऊन या."

मी थांबलो. मागून आवाज आला, "मग?"

मग मी अल सद्द येईपर्यंत सांगत राहिलो. गाडीवाल्याचं लग्नसुद्धा लावून दिलं.

घरी आल्यावर सई आत गेली तसा मी मंजिरीकडे जरा विजयानंच पाहिलं. ती म्हणाली, "इंग्लंडात फणस नसतात. मी तिथंच टोकणार होते, पण तिनं माझा हात दाबून धरला."